प्रोटॅक म्हणजे काय? कर्करोगाच्या या नव्या औषधांमध्ये 'लिंकर'ला इतकं महत्त्व का?

शहापूर तालुक्यातल्या कसारा स्टेशनवर इगतपुरीकडे जाणाऱ्या अनेक गाड्यांना मागून जादा इंजिनं जोडली जातात. ही इंजिनं, म्हणजेच 'बँकर', गाडीला थळ घाटाचा चढ चढवतात. इंजिन कितीही दमदार असलं, तरी जोडणी धड नसेल तर उपयोग नाही. प्रोटॅक औषधांमध्ये जोडणीचं हे काम लिंकर करतो.

प्रोटॅक काय करतं?

पेशी नको असलेल्या प्रथिनांवर 'युबिक्विटिन'ची खूण लावते. ही खूण लावणाऱ्या एन्झाइम्सना ई३ लायगेज म्हणतात. खूण लागलेल्या प्रथिनाचे प्रोटिओसोम ही यंत्रणा तुकडे करते. या शोधासाठी २००४ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

२००१ मध्ये अमेरिकेतल्या क्रेग क्रूज आणि रेमंड डेशे यांच्या गटांनी या व्यवस्थेचाच वापर करून घेणारा रेणू मांडला. त्याचं एक टोक रोगाचं प्रथिन पकडतं, दुसरं लायगेजला. मधला दुवा म्हणजे लिंकर. नेहमीचं औषध प्रथिनाचं काम अडवतं, प्रोटॅक ते प्रथिनच संपवतं. मग तोच रेणू पुढच्या प्रथिनाकडे वळू शकतो.

लिंकर बिघडला तर?

लिंकर आखूड असेल तर दोन प्रथिनं एकमेकांवर आदळतात. फार लांब आणि लवचिक असेल तर ती नीट जुळत नाहीत आणि खूण लागत नाही. शिवाय पोटातून घ्यायच्या औषधाचा रेणू साधारण ५०० डाल्टनच्या आत असावा, असा ठोकताळा आहे. प्रोटॅक बहुधा ७०० ते १,१०० डाल्टनचे असतात. त्यामुळे लिंकरमधला एकेक अणू मोजून घ्यावा लागतो.

बिल्डिंग ब्लॉक कशासाठी?

कोणता लिंकर चालेल हे आधी खात्रीनं सांगता येत नाही. डझनावारी बनवून तपासावे लागतात. म्हणून तयार तुकडे मिळतात: एका टोकाला अमाइन, दुसऱ्या टोकाला आम्ल आणि नको तिथे क्रिया होऊ नये म्हणून एका टोकावर तात्पुरतं रासायनिक झाकण. मुरबाड एमआयडीसीच्या परिसरात 'केमिकल' म्हटलं की टँकर आठवतात, हे तुकडे मात्र मिलिग्रॅम आणि ग्रॅममध्ये विकले जातात.

काही तुकड्यांना थॅलिडोमाइडच्या कुळातला भाग आधीच जोडलेला असतो, कारण तो 'सेरेब्लॉन' या लायगेजच्या घटकाला धरतो. याच थॅलिडोमाइडमुळे १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून जगभरात हजारो बाळं व्यंगासह जन्मली होती. त्यामुळे हे तुकडे फक्त संशोधनासाठी असतात आणि जपून हाताळावे लागतात.

रुग्णांच्या हाती काय?

स्तनाच्या कर्करोगावरच्या 'व्हेप्डेजेस्ट्रंट' या प्रोटॅकच्या तिसऱ्या टप्प्यातील चाचणीचे निष्कर्ष २०२५ मध्ये आले. ईएसआर१ जनुकात बदल असलेल्या रुग्णांमध्ये आजार सरासरी (मध्यक) ५ महिने आटोक्यात राहिला, तर फुलव्हेस्ट्रंट इंजेक्शन घेणाऱ्यांमध्ये २.१ महिने. सगळ्या रुग्णांचा एकत्रित विचार करता मात्र ठोस फरक दिसला नाही.

व्हेप्डेजेस्ट्रंट ही गोळी आहे. तिच्या लिंकरमध्ये लवचिक साखळीऐवजी ताठ कड्या आहेत आणि अशा रचनेमुळे औषध पोटातून शोषलं जायला मदत होते. इंजेक्शनसाठी शहापूर-मुरबाडच्या खेड्यातून शहर गाठताना रुग्णाची आणि सोबत्याची दिवसाची मजुरी बुडू शकते. गोळी घरी घेता येते.