बारीक दिसणाऱ्या मुलांची चरबी

मुलांच्या लठ्ठपणावर सिरोंचात बोलायला गेलं की पालक हसतात. "सर, आमच्या पोराच्या बरगड्या मोजा आधी," असं एका अब्बांनी आम्हाला सरळ सुनावलं होतं. त्यांचंही खरंच आहे. २०१६ ते २०१८ या काळात देशभर झालेल्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात १० ते १९ वयाची २४ टक्के मुलं बारीक निघाली, जास्त वजनाची फक्त ५ टक्के. मग प्राणहिता-गोदावरीच्या काठावर हा विषय कशाला?

कारण पुण्यात सापडलं. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या बायकांचा गरोदरपणापासून अभ्यास केला. तिथल्या बाळांचं जन्माचं वजन सरासरी २.७ किलो, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचं ३.५ किलो. आपली बाळं सगळीकडूनच लहान असतील असं कुणालाही वाटेल. पण दंड बारीक, पोट लहान, आणि पाठीवरच्या कातडीखालची चरबी मात्र त्या मानाने फारशी कमी नव्हती. म्हणजे कमी पडलं होतं ते मांस, चरबी नाही.

मोठेपणीही हेच दिसतं. २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये डॉ. याज्ञिक आणि इंग्लंडचे डॉ. जॉन युडकिन यांचा फोटो छापून आला. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. अंगातली चरबी मोजली तर युडकिन ९.१ टक्के, याज्ञिक २१.२ टक्के! काटा दोघांनाही 'ठीक' म्हणत होता.

याचा साखरेच्या आजाराशी संबंध असा. रक्तातली साखर ओढून घेण्याचं मोठं काम स्नायू करतात. स्नायू कमी आणि चरबी जास्त असली की इन्सुलिनचा असर कमी पडतो. पुण्यातल्याच आणखी एका अभ्यासात, जन्माला लहान असलेली पण आठव्या वर्षी अंगाने भरलेली मुलं सगळ्यात जास्त धोक्यात दिसली. दादी-नानी बारीक पोराला "भर" यावी म्हणून रोज बिस्किटं आणि गोड चहा देतात, प्रेमानेच देतात. पण त्यातून येणारी भर स्नायूंची नसते. अंडं, डाळ, दूध, नदीची मासळी यातून जे मिळतं ते पाच रुपयांच्या कुरकुऱ्याच्या पाकिटात नसतं. शाळेच्या सुट्टीत आम्ही ती पाकिटं रोज उचलतो, म्हणून जरा रागाने लिहितोय.

पण गोष्ट मुलाच्या डब्यापासून सुरू होत नाही, आईच्या ताटापासून होते. पुण्याच्या गावांतल्या ज्या आयांच्या रक्तात फॉलेट जास्त पण बी-१२ कमी होतं, त्यांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षी इन्सुलिनचा असर कमी झालेला आढळला. (म्हणून दवाखान्यातली गोळी बंद करू नका, तसा याचा अर्थ नाही.) बी-१२ मिळतं ते दूध, अंडी, मासे, मटण यातून. आपल्या घरात तर गोश्त शिजतं, मग काळजी कसली? पण आधी मर्द जेवतात, मग मुलं. गरोदर बहू शेवटी बसते तेव्हा देगचीत रस्सा उरलेला असतो. हे आमच्या घरातही होत होतं, कबूल करतो.

राहिला खेळ. ५ ते १७ वयाच्या मुलांनी रोज सरासरी ६० मिनिटं दम लागेल अशी हालचाल करावी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आमची मुलं संध्याकाळी क्रिकेट खेळून तेवढं करून टाकतात, मोबाइल हातात नसला तर. मुली सातवीत गेल्या की मैदानातून गायब होतात. शाळा, अरबीचा सबक, घरकाम, संपलं. आणि उद्याच्या आया त्याच आहेत. दोरीवरच्या उड्या अंगणातही होतात, लंगडीला दुपट्टा आड येत नाही. वर्गातल्या चार मुलींच्या अम्मींशी आम्ही बोललो, दोघी तयार झाल्या.

घरी एक गोष्ट आजच करता येते. शिवणकामाचा टेप घ्या, मुलाची उंची मोजा आणि कंबर मोजा. कंबर उंचीच्या निम्म्याहून कमी असायला हवी. ती निम्म्यावर किंवा त्याच्या पुढे गेली असेल तर मूल कितीही बारीक दिसो, ग्रामीण रुग्णालयात एकदा दाखवून घ्या.