आधी खाटा मोजा

बारावीचा निकाल लागला की तालुक्याच्या एसटी स्टँडसमोर नर्सिंग कॉलेजांचे फ्लेक्स झळकायला लागतात. पांढऱ्या कोटातल्या हसऱ्या मुली, मागे कुठल्या तरी परदेशी इस्पितळाची काचेची इमारत आणि खाली नोकरीची हमी. पालक चौकशी करतात ती फीची, होस्टेलची आणि मेसची. मुलगी ज्या रुग्णालयात शिकणार तिथे खाटा किती, आणि त्यांतल्या भरलेल्या किती, हे फारसं कोणी विचारत नाही. बी.एस्सी. नर्सिंगची चार वर्षं सत्कारणी लागणार की वाया जाणार, हे बरंचसं त्या उत्तरावर ठरतं.

भारतीय परिचर्या परिषदेचा नियम सरळ आहे. चाळीस ते साठ जागांच्या कॉलेजला स्वतःचं किमान 100 खाटांचं ‘पॅरेंट हॉस्पिटल’ हवं आणि एका विद्यार्थ्यामागे तीन रुग्ण हवेत. लहान गावात एवढं रुग्णालय भरलेलं ठेवणं सोपं नसतं. म्हणून सकाळी सातच्या आत मुलींची बस जिल्हा रुग्णालयाकडे निघते. तिथे आणखी दोन-तीन कॉलेजांच्या मुली आधीच आलेल्या असतात, आणि एका सलाइनभोवती सहा जणी उभ्या राहतात. कॉलेज पाहायला जायचं तर तपासणीच्या दिवशी जाऊ नये. एखाद्या साध्या मंगळवारी जावं आणि शेवटच्या वर्षाच्या मुलींना गाठून विचारावं, ‘स्वतःच्या हाताने सुई किती वेळा लावलीस?’

लहान कॉलेजबद्दल मला आकस नाही, उलट कौतुकच आहे. चाळीस जणींच्या वर्गात कुणाचा हात थरथरतो आणि कोण रक्त पाहून पांढरी पडते, हे मॅडमना आठवड्यात कळतं. मोठ्या शहरात ते वर्षभर लपून राहू शकतं.

पहिल्या वर्षी ॲनाटॉमीचं जाडजूड इंग्रजी पुस्तक मराठी माध्यमातल्या मुलीला रडवतं, पण सहामाही परीक्षा होईपर्यंत ते अंगवळणी पडतं. (2021 पासून अभ्यासक्रम आठ सत्रांचा झाला आहे. महाराष्ट्रात 2023 पासून प्रवेशासाठी वेगळी सीईटी आहे आणि परीक्षा नाशिकचं आरोग्य विज्ञान विद्यापीठ घेतं.) खरी कसोटी लागते ती गणितात. डॉक्टरांनी लिहिलंय, 500 मिली सलाइन चार तासांत. सेटमधून 20 थेंबांचा एक मिली होतो. म्हणजे 500 गुणिले 20, भागिले 240 मिनिटं: मिनिटाला साधारण 42 थेंब. एका हातात घड्याळ, नजर ड्रिप चेंबरवर आणि अंगठा रेग्युलेटरच्या चाकावर. तेवढ्यात नातेवाईक विचारतात, ‘सिस्टर, जरा जोरात सोडा ना, लवकर संपेल.’ म्हातारबुवांचं हृदय आधीच थकलेलं असलं तर ‘जोरात’ सोडलेलं पाणी थेट फुप्फुसात साचू शकतं. ते चाक का फिरवायचं नाही, हे कॉटशेजारी उभं राहून एकदा समजावलं की मुलगी आयुष्यभर विसरत नाही.

हजेरीचा नियमही यासाठीच कडक आहे. थिअरीला 80 टक्के चालते; वॉर्डातली मात्र पदवी मिळण्याआधी शंभर टक्के भरून द्यावी लागते. दिवाळीत घरी गेलेली मुलगी सुट्टीतले दिवस मे महिन्यात भरते. मानसोपचाराच्या पोस्टिंगला ठाणे, येरवडा, नागपूर किंवा रत्नागिरीच्या मनोरुग्णालयात जावं लागतं. कॉट आवरायला शिकलेली मुलगी तिथे पहिल्यांदा समोरच्याचं फक्त ऐकून घ्यायला शिकते.

माझ्या मते या पदवीतला सगळ्यात कमी लेखलेला भाग म्हणजे गावातली पोस्टिंग. घरभेटीची बॅग उघडण्याची एक शिस्त असते. आधी वर्तमानपत्र पसरायचं, त्यावर बॅग ठेवायची, पहिल्यांदा फक्त साबण आणि टॉवेल बाहेर काढायचा, हात धुवायचे. मगच आतल्या सामानाला हात लावायचा. शेणाने सारवलेल्या ओसरीवर बाळंतिणीची सासू हे सगळं निरखून बघत असते. तिला जंतुसंसर्ग हा शब्द सांगावा लागत नाही. 2021 च्या अभ्यासक्रमात समुदाय आरोग्य अधिकाऱ्याचं प्रशिक्षण पदवीतच धरलं आहे, त्यामुळे पास झालेली मुलगी उपकेंद्र सांभाळू शकते. सपाट प्रदेशात एका उपकेंद्रामागे 5,000 लोकसंख्या धरतात, डोंगराळ आणि आदिवासी भागात 3,000.

दिवा लावून शपथ घेण्याचा समारंभ मात्र प्रत्येक कॉलेज थाटात करतं. ती शपथ नाइटिंगेलबाईंची नव्हे. 1893 मध्ये अमेरिकेतल्या डेट्रॉइट इथे त्यांच्या नावाने लिहिली गेली. आपल्याकडे या व्यवसायाला घराघरात मान मिळवून द्यायचं अवघड काम रमाबाई रानड्यांच्या पुण्यातल्या सेवासदनाने केलं. विधवा मुलींना नर्सिंग शिकायला पाठवणं म्हणजे त्या काळी नातेवाइकांचा रोष ओढवून घेणं होतं. समारंभाच्या भाषणात रमाबाईंचं नाव आलं, तर बरं वाटेल.

पदवीनंतर महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे नोंदणी केली की वाटा फुटतात. जर्मनीला जायचं तर भाषेची बी-टू पातळी गाठावी लागते. एम्सच्या नर्सभरतीच्या ‘नॉरसेट’ परीक्षेत 80 टक्के जागा महिलांसाठी असतात, म्हणून मुलग्यांची चुरस उरलेल्या 20 टक्क्यांसाठी. नर्सिंगला येणारे मुलगे आता नवलाचे राहिले नाहीत. वॉर्डात नातेवाईक त्यांना पहिल्याच दिवशी ‘डॉक्टरसाहेब’ करून टाकतात, आणि वीस वर्षं वॉर्ड सांभाळणाऱ्या इनचार्ज सिस्टरना ‘अहो बाई, जरा चादर बदला’ म्हणतात.