पेवात किती, सुपात किती?

लग्नाला तीन-चार वर्षे झाली, मूल नाही. नवरा-बायको तालुक्याच्या गावी जाऊन रक्त तपासून येतात. नवऱ्याच्या कागदावर 'टेस्टोस्टेरॉन'पुढचा आकडा कमी दिसतो. लगेच कोणी सुचवते, "त्याचीच इंजेक्शने घे, फरक पडेल." वाचकहो, इथे जरा थांबा.

टेस्टोस्टेरॉन हे पुरुषाचे संप्रेरक. दाढी-मिशा, जाड आवाज, स्नायूंची ताकद, कामेच्छा ही त्याची करणी. वृषणात ते तयार होते व रक्तातून अंगभर फिरते. पण सगळे मोकळे फिरत नाही. यकृतात तयार होणारे एक प्रथिन त्याला घट्ट धरून ठेवते. कागदावर त्याचे नाव 'एसएचबीजी' असे छापतात. त्याने धरलेले टेस्टोस्टेरॉन म्हणजे पेवात बंद केलेली ज्वारी. आपलीच, पण आजच्या भाकरीला नाही. दुसरा मोठा वाटा अल्ब्युमिन नावाच्या प्रथिनाला सैल चिकटलेला असतो. ती कणगीतली ज्वारी, हात घातला की निघते. आणि सुपात घेतलेली, अगदी मोकळी? शंभरात जेमतेम दोन भाग.

नेहमीची तपासणी पेव, कणगी, सूप यांची मिळून एकच बेरीज सांगते. घोळ होतो तो इथे. पोट सुटले, मधुमेह जडला की एसएचबीजी उतरते. पेवच लहान झाले, तर बेरीज कमी येणारच. सुपातले मात्र ठीक असू शकते. उलट वयाबरोबर हे प्रथिन वाढत जाते. यकृताचा सिरोसिस, थायरॉइडचा वाढलेला जोर, फिटच्या काही गोळ्या यांनीही ते वाढते. मग बेरीज झकास दिसते आणि सुपात खडखडाट!

भगिनींच्या रक्तातही थोडे टेस्टोस्टेरॉन असते. पाळी लांबते, हनुवटीवर राठ केस येतात, अशा पीसीओएसच्या तक्रारीत पुष्कळदा एसएचबीजी कमी असते. त्यामुळे बेरीज फारशी वाढलेली नसली तरी मोकळा भाग वाढलेला असतो.

म्हणून आकडा कमी आला, किंवा काठावर असला, तर एसएचबीजीही तपासायला सांगा. बेल्जियममधील गेंट येथील व्हर्म्युलेन व सहकाऱ्यांनी १९९९ साली बेरीज, एसएचबीजी व अल्ब्युमिन यांवरून मोकळा भाग काढण्याचे गणित मांडले; डॉक्टर ते वापरतात. रक्त सकाळी दहाच्या आत, उपाशीपोटी द्या. दुपारी आकडा उतरतो. अंगात ताप असताना तपासू नका, आणि एका कागदावर भरवसा ठेवू नका. दुसऱ्या दिवशीचा नमुनाही हवा. चालू गोळ्यांची पाकिटे बरोबर न्या.

आता ते इंजेक्शन. बाहेरून माल आला की मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी वृषणांना हुकूम देणे थांबवते. शुक्रजंतू घटतात, कित्येकदा पार संपतात. मुलासाठी घेतलेले औषधच मुलाच्या आड येते! इंजेक्शने सोडल्यावर बहुतेकांचे शुक्रजंतू परत येतात, पण त्यात कित्येक महिने जातात, काहींचे वर्षाहून अधिक. तेव्हा मूल हवे आहे हे डॉक्टरांना पहिल्यांदा सांगा आणि वीर्य तपासून घ्या. शुक्रजंतू किती आहेत हे टेस्टोस्टेरॉनच्या आकड्यावरून कळत नाही.