खैरात नव्हे, पगार

‘बायकांना एखादं काम शिकवा, पगार आपोआप वाढेल.’ हा गैरसमज इतका पक्का आहे की कित्येक योजना त्याच्यावरच उभ्या राहतात. भोपाळने मात्र दुसरंच पाहिलं.

1984च्या 2-3 डिसेंबरच्या रात्री तिथे विषारी वायुगळती झाली. कित्येक घरांतली कमावती माणसं गेली किंवा अंथरुणाला खिळली. पुढच्याच वर्षी सरकारने बायकांसाठी प्रशिक्षण सुरू केलं. कुणाला शिलाई, कुणाला स्टेशनरी. यांतल्याच एक रशीदा बी. त्या तोवर विड्या वळायच्या. चंपादेवी शुक्लांशी त्यांची ओळख झाली ती या स्टेशनरीच्या कामावर. फाइलसाठी पुठ्ठा कापायचा, खळ लावायची, भोकं पाडून नाडी ओवायची. दिसायला सोपं, पण पुठ्ठा जरा तिरका कापला गेला की फाइल वाया. बायका हे सगळं शिकल्या. आणि शिकून झाल्यावर त्यांना ‘आता घरी जा’ असं सांगितलं गेलं! त्या अडून बसल्या म्हणून काम मिळालं. पण सरकारी छापखान्यातल्या कायम कामगाराचा पगार मिळाला नाही. कमी पडलं ते शिक्षण नव्हे. त्यांचं काम ‘नोकरी’ धरलं गेलं नाही, ‘मदत’ धरलं गेलं, आणि मदतीला पगारवाढ नसते. म्हणूनच 1986 साली त्यांनी स्वतःची युनियन काढली.

‘बायकांना थोडक्यात समाधान असतं’ हेही खोटं. शिलाई केंद्रं बंद पडली तेव्हा वायुपीडितांसाठी लढणाऱ्या अब्दुल जब्बार यांच्यासोबत रस्त्यावर उतरलेल्या बायकांची घोषणा होती, ‘खैरात नहीं, रोज़गार चाहिए’.

‘कायदा आहे, मग फरक कसला?’ असंही विचारलं जातं. समान वेतन कायदा 1976चा. त्याच किंवा सारख्याच स्वरूपाच्या कामाला सारखा मोबदला, असं तो सांगत होता. पळवाट निघायची ती कामाला वेगळं नाव देऊन. मुंबईत मॅकिनन मॅकेन्झी कंपनीत स्त्री लघुलेखिकांना पुरुष लघुलेखकांपेक्षा कमी पगार होता. त्यांच्यापैकी ऑड्री डिकोस्टा लढल्या. 1987 साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला: युनियनशी करार झाला होता, ही सबब चालणार नाही आणि कंपनीला परवडत नाही, हीसुद्धा नाही.

या निकालाला दोन वर्षं झाली होती, तरी 1989 साली भोपाळच्या स्टेशनरी कामगार बायकांना आपल्या मागण्या घेऊन, लेकरांसह, दिल्लीपर्यंत चालत जावं लागलं. साधारण साडेसातशे किलोमीटर.