थंड वसंतांतील आगाप टोमॅटो

टोमॅटो हें फळ मराठी स्वयंपाकघरांत इतकें रुळलें आहे कीं, तें मूळचें परदेशचें आहे याची आठवणही सहसा कोणास होत नाहीं. वांगें, मिरची आणि बटाटा यांच्याच कुळांतलें हें झाड. त्याचे रानटी पूर्वज दक्षिण अमेरिकेच्या पश्चिम भागांत, अँडीज पर्वताच्या आसपास आढळतात. उबदार प्रदेशांत जन्मलेल्या या झाडास गोठणाऱ्या थंडीशीं झुंजण्याची विद्या अवगत नाहीं. असें असतां, जेथें मे महिन्यांतही पहाटे लोकरी कपडे घालावे लागतात अशा मुलखांत लोक तें उघड्यावर लावतात, आणि शेजाऱ्याच्या आधीं आपल्या घरीं पिकलेलें फळ यावें अशी ईर्षा बाळगतात. ही ईर्षा कोणत्या उपायांनीं सफळ होते व कोणत्या उतावळेपणानें फसते, हें समजून घेण्यासारखें आहे.

उदाहरणादाखल अमेरिकेच्या वायव्य कोपऱ्यांतील ऑरेगॉन राज्य घेतां येईल. तेथें विल्यामेट नदीचें सुपीक खोरें आहे. त्याच्या पूर्वेस कॅस्केड पर्वत आणि पश्चिमेस समुद्रकिनाऱ्यालगतची डोंगररांग. खोऱ्याच्या उत्तर टोंकाशीं पोर्टलंड शहर आहे व त्याच्या आसपास आज कित्येक मराठी कुटुंबेंही स्थायिक झालीं आहेत. खोऱ्याच्या मध्यावर कॉर्व्हॅलिस हें गांव असून राज्याचें शेतकी शिक्षण देणारें विद्यापीठ तेथेंच आहे. या खोऱ्याचा पाऊस आपल्या उलट, म्हणजे मुख्यतः हिंवाळ्यांत पडतो. उन्हाळा कोरडा असतो, पण त्यांतल्या रात्री थंडच राहतात.

या मुलखांत पांढरें दंव पाडणारी शेवटची रात्र, ठिकाण पाहून, एप्रिलच्या मध्यापासून मेच्या मध्यापर्यंत केव्हांही येते. पुढें सप्टेंबर सरतां सरतां पावसाची चाहूल लागते. ओल्या, थंड हवेबरोबर करपा येतो. ज्या रोगानें १८४५ सालापासून आयर्लंडांत बटाट्याचें पीक बुडवून मोठा दुष्काळ पाडला, तोच हा रोग. टोमॅटोच्या झाडावर तो एकदां बसला कीं थोड्याच दिवसांत पानें व फळें काळीं पडतात. तेव्हां मे आणि सप्टेंबर यांच्यामधल्या या अरुंद फटींतून झाडास फूल, फळ आणि पक्वता हे तिन्ही टप्पे पार पाडावयाचे असतात. तेथें पंधरा दिवसांचें अंतर क्षुल्लक नव्हे. घरांत लाल फळांच्या टोपल्या भरणार, कीं हिरव्या फळांच्या चटणीवर समाधान मानावें लागणार, हें त्या पंधरा दिवसांवर ठरतें.

मग रोपें शक्य तितकीं लवकर लावावीं, हा सोपा निष्कर्ष कोणीही काढील. परंतु तो हिशेबास टिकत नाहीं. शेतकीशास्त्रांत वाढ मोजण्याची एक स्थूल रीत आहे. टोमॅटोची वाढ १० अंश सेंटिग्रेडच्या खालीं जवळजवळ थांबते. म्हणून दिवसाच्या कमाल व किमान उष्णमानाची सरासरी काढून तींतून १० वजा करावे. उरेल ती झाडाची त्या दिवसाची कमाई. कॉर्व्हॅलिस येथें मे महिन्यांत दुपारचें उष्णमान सरासरीनें सुमारें १९ अंश आणि पहाटेचें सुमारें ७ अंश असतें. सरासरी १३, म्हणजे कमाई ३. जुलै महिन्यांत हेच आंकडे सुमारें २७ आणि ११ होतात. सरासरी १९, म्हणजे कमाई ९. अर्थात् मे महिन्यांतील एकवीस दिवसांत उघडें झाड जितकें पुढें सरकतें, तितकें तें जुलैच्या सात दिवसांत सरकतें. तीन आठवडे धोका पत्करावयाचा आणि बक्षीस मिळावयाचें एका आठवड्याचें! तेंही एखाद्या रात्रीं रोप गोठलें नाहीं तर.

पण याच हिशेबांतून खरा उपायही दिसतो. मे महिन्यांतली सरासरी कांहीं युक्तीनें केवळ तीन अंशांनीं वाढवितां आली, तर कमाई ३ ची ६ होते, म्हणजे दुप्पट. जुलैंत तेवढेच तीन अंश वाढविले तर ९ चे १२ होतात, म्हणजे लाभ तिसऱ्या हिश्श्याचा. तात्पर्य, थंड वसंतांतील प्रत्येक अंश मोलाचा असतो. लवकर फळ मिळतें तें लागवडीची तारीख अलीकडे ओढून नव्हे, तर झाडाभोंवतीं ऊब वाढवून.

ही ऊब प्रथम जमिनींत हवी. माती १५-१६ अंशांपर्यंत तापली नसेल तर रोपाच्या मुळ्या पसरत नाहींत. गार मातींतून झाडास स्फुरद हें अन्नद्रव्य नीट घेतां येत नाहीं आणि पानांची खालची बाजू जांभळी पडते. तें पाहून पुष्कळ लोक खत घालतात. वास्तविक स्फुरद मातींत असतें, उणीव उबेची असते. यासाठीं भुईपासून वीतभर उंच गादीवाफा करावा. त्यांतून पाणी लवकर निथळतें आणि कोरडी माती लवकर तापते. त्यावर लागवडीपूर्वीं दोन आठवडे काळें प्लॅस्टिक ताणून अंथरावें. गवताचें किंवा पेंढ्याचें आच्छादन मात्र या वेळीं घालूं नये, कारण त्यानें माती गारच राहते. तें उन्हाळ्यांत, ओल टिकविण्यास उपयोगी. लावतांना रोपाचीं खालचीं पानें काढून त्यास उथळ चरांत आडवें निजवावें व शेंडा तेवढा वर ठेवावा. टोमॅटोच्या खोडास मातींत मुळ्या फुटतात, आणि वरच्या थरांतील माती खोल मातीपेक्षां उबदार असते.

दुसरी काळजी रोपांची. बीं घरांत, उबेच्या जागीं, लागवडीच्या सहा ते आठ आठवडे आधीं पेरावें. घरांत वाढलेलें रोप दिसण्यांत तुकतुकीत असलें तरी कोंवळें असतें. त्यास एकदम वाऱ्या-उन्हांत नेल्यास तें करपून जातें. म्हणून आठ-दहा दिवस त्यास बाहेरची संवय लावावी. प्रथम तासभर सावलींत, मग थोड्या उन्हांत, असें वाढवीत जावें आणि रात्रीं आंत घ्यावें. या संवयीनें रोप कणखर होतें, पण गोठणाऱ्या रात्रीपुढें त्याचाही निभाव लागत नाहीं, हें विसरूं नये.

गोठणारी रात्र बहुधा निरभ्र आणि निर्वात असते. ढग नसल्यामुळें जमिनीची उष्णता आकाशांत निघून जाते. गार हवा जड असल्यानें पाण्याप्रमाणें उतारानें वाहून सखल जागीं सांचते. छातीच्या उंचीवर टांगलेला उष्णमापक २-३ अंश दाखवीत असतां भुईजवळच्या पानावर बर्फाचे कण जमलेले असूं शकतात. म्हणून बागेंतला खोलगट कोपरा टाळावा. दक्षिणेकडे तोंड असलेल्या भिंतीलगतची जागा उत्तम. दिवसभर तापलेली ती भिंत रात्रीं आपली ऊब परत देते.

तिसरा उपाय आच्छादनाचा. एकोणिसाव्या शतकांत पॅरिसच्या आसपासचे माळी रोपांवर घंटेच्या आकाराचीं कांचेचीं झांकणें ठेवीत. आतां विणकाम नसलेलें हलकें पांढरें कापड कमानींवरून टाकतात. त्यानें एक-दोन अंशांचा बचाव होतो. त्याहून परिणामकारक अशी एक साधी वस्तु तिकडे वापरांत आहे. प्लॅस्टिकच्या उभ्या नळ्या एकमेकींस जोडून केलेलें तें कडें असतें. नळ्यांत पाणी भरून तें रोपाभोंवतीं उभें करतात. तिचें मर्म शाळेंतल्या पदार्थविज्ञानांत आहे. एक ग्रॅम पाणी एका अंशानें निवतांना एक कॅलरी उष्णता देतें, परंतु तेंच पाणी गोठतांना ८० कॅलरी देतें. दहा लिटर पाणी २० अंशांपासून शून्यापर्यंत निवलें तर दोन लाख कॅलरी बाहेर पडतात. तें सर्व गोठूं लागलें तर आणखी आठ लाख. म्हणजे पहाटे नळ्यांत बर्फ धरूं लागतें, तेव्हांच रोपास सर्वांत मोठा आधार मिळत असतो. मात्र कोणतेंही बंदिस्त आच्छादन ऊन चढतांच वरून उघडावें. आंतली हवा दुपारीं ३५ अंशांपलीकडे गेली तर थंडीपासून वांचलेलें झाड उन्हाळून जातें.

इतकें करूनही एक अडचण उरते. रात्रीचें उष्णमान १३ अंशांच्या खालीं असलें कीं परागकण नीट तयार होत नाहींत आणि फुलें फळ न धरतां गळतात. ज्या खोऱ्यांत जुलैची पहाटही सरासरीनें ११ अंशांची, तेथें ही अडचण मोठीच. तिच्यावर कॉर्व्हॅलिसच्या विद्यापीठांतील जेम्स बॅगेट या संशोधकानें वाणाच्या द्वारें तोड काढली. त्याच्या प्रयत्नांतून १९८४ सालीं ‘ऑरेगॉन स्प्रिंग’ हा हळवा वाण प्रसृत झाला. थंडींत परागसिंचन झालें नाहीं तरी त्याचें फळ धरतें व वाढतें, आणि अशा फळांत बिया फारच थोड्या असतात. भाताप्रमाणें टोमॅटोंतही हळवे आणि गरवे असा भेद आहे. थंड मुलखांत गरव्या, मोठ्या फळांच्या मोहांत पडणाऱ्याची बाग सप्टेंबरांत हिरवीच राहते.

महाराष्ट्रांत याच झाडाची गाऱ्हाणीं उलट असतात. नारायणगांव किंवा पिंपळगांव बसवंत येथील बाजारांत टोमॅटोचे ढीग पाहणाऱ्यास थंडीचें भय उमगावयाचें नाहीं. येथें उन्हाळ्यांत रात्री तापूं लागल्या म्हणजे फुलें गळतात. रात्र फार गार असो वा फार उष्ण, परागकण दोहोंमुळें निकामी होतात. पुण्याची आई आणि पोर्टलंडची लेक यांनीं एकाच पाकिटांतलें बीं वांटून घेतलें, तरी पंचांग मात्र वेगळें ठेवावें लागेल.

शहाणा माळी म्हणून सर्व रोपें एकाच दिवशीं पणास लावीत नाहीं. दोन-तीन रोपें पाण्याच्या कड्यांत आगाप लावतो, बाकीचीं माती तापून रात्री निवळेपर्यंत राखून ठेवतो, आणि चार रोपें घरांत शिल्लक ठेवतो. बाहेरचीं जगलीं तर जुलैंत पहिलें फळ हातीं येतें. मेलीं, तरी सहा आठवड्यांची मेहनत सारी बुडत नाहीं. त्याचें लक्ष भिंतीवरच्या दिनदर्शिकेपेक्षां मातींत खोंवलेल्या उष्णमापकाकडे अधिक असतें, कारण टोमॅटोचें झाड तारीख जाणत नाहीं, ऊब तेवढी जाणतें.