टिकवून ठेवलेला गाळ

मँचेस्टरजवळच्या डेव्हीहल्म केंद्रात एडवर्ड आर्डर्न आणि विल्यम लॉकेट यांनी बाटलीतल्या मैलापाण्यात हवा सोडली, तेव्हा ते पुरते शुद्ध व्हायला पाच आठवडे लागले. त्यांनी वरचे पाणी ओतले, तळचा गाळ ठेवला आणि त्यावर ताजे मैलापाणी घातले. असे करत करत ते काम २४ तासांच्या आत होऊ लागले. एप्रिल १९१४ मध्ये त्यांनी हे जाहीर केले. त्यांना ही वाट दाखवणारे गिल्बर्ट फाउलर पुढे १९१६ मध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत आले.

पाणी काही तासांत निघून जाते, गाळातले मैला खाणारे जिवाणू मात्र कित्येक दिवस मागे राहतात. पुढच्या शंभर वर्षांची सगळी धडपड मला या गाळाला सांभाळण्याचीच दिसते.

‘भरा, हवा द्या, निवळू द्या, ओता’ हा बाटलीतला क्रम मोठ्या टाक्यांवर हाताने झडपा फिरवत चालवणे जिकिरीचे होते. म्हणून लवकरच अखंड वाहत्या टाक्या आल्या. पण शहराचे पाणी सकाळी लोंढ्याने येते, मध्यरात्री बारीक धारेने, आणि पावसात पातळ होऊन दुथडी भरून. असा लोंढा, गाळ जिथे तळाशी बसतो त्या निवळण टाकीतून गाळालाच बाहेर लोटतो. न्यूयॉर्कमध्ये रिचर्ड गूल्ड यांनी मैलापाणी टाकीत एकाच तोंडाने न सोडता अनेक ठिकाणी विभागून सोडले, म्हणजे सगळा भार एकाच जागी पडेना. हॉलंडमध्ये पासव्हीर यांनी १९५४ मध्ये लंबगोल चर खणून पाणी त्यातच फिरते ठेवले. तिथे गाळ भरपूर आणि अन्न बेताचे, त्यामुळे भार अचानक वाढला तरी तो पचे. १९७०च्या दशकात अमेरिकेत रॉबर्ट आयर्विन यांनी तो जुना बाटलीतला क्रमच पुन्हा उचलला. आता झडपा आपोआप चालणार होत्या. नवी मुंबईची मैलाशुद्धीकरण केंद्रे याच क्रमाने चालतात.

प्रमाणाचा चढउतार असा सावरता आला. पाण्याचा गुणच बदलतो, तेव्हा खरी कसोटी लागते. साखर खाणारे जिवाणू काही तासांत दुप्पट होतात, पण अमोनिया पचवणाऱ्यांना एक दिवस किंवा त्याहून जास्त लागतो. ते एकदा विषारी पाण्याने मेले की नवी वस्ती उभी राहायला काही आठवडे जातात.

आपल्या साखर कारखान्यांत तर वर्षातले कित्येक महिने जिवाणूंना अन्नच नसते, आणि गळीत सुरू होताच गोड पाण्याचा मारा होतो. त्यात नत्र-स्फुरद कमी, म्हणून युरिया आणि डीएपी घालावे लागते. जाणते ऑपरेटर गव्हाणीत उसाची मोळी पडण्याच्या बरेच दिवस आधी एरेशन टँकमध्ये शेणकाला टाकून हवा सुरू करतात आणि मग कारखान्याचे पाणी थोडे थोडे वाढवत नेतात. जिथे याला उशीर होतो, तिथे हंगामाचे पहिले आठवडे खालच्या ओढ्याला सोसावे लागतात.