बुडीनंतरची विश्रांती

जामसांवलीच्या मारुतीचे वेगळेपण आमच्या वाचकांस सांगावयास नको. अन्यत्र हा देव गदा घेऊन उभा असतो, नाहीतर द्रोणागिरी उचलून निघालेला असतो. येथे मात्र तो पिंपळाच्या सावलीत पहुडलेला आहे. ज्याच्या नावाने तालमीत दंडबैठका मारावयाच्या, तो बलाचा देवच निजलेला पाहून नवख्या भाविकास नवल वाटते. शक्तीच्या उपासनेत विश्रांतीलाही स्थान आहे, असा अर्थ त्या दर्शनातून कोणी घेतला तर तो वावगा ठरू नये. प्रस्तुत लेखाचा विषय समुद्राचा असला, तरी त्याचे सार तेच आहे.

आमच्या सौंसर-पांढुर्णा भागापासून समुद्र शेकडो मैल दूर. तथापि अलीकडे सुटी लागली की येथील तरुण मंडळी मालवण-गोव्याची वाट धरतात, आणि नुसते पाय भिजवून परतत नाहीत; पाठीवर हवेची टाकी बांधून पाण्याखाली उतरतात. यालाच स्कूबा डायव्हिंग म्हणतात. शिवछत्रपतींनी १६६४ साली ज्याच्या बांधकामास आरंभ केला, त्या सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीच्या पाण्यात प्रवाळ आणि रंगीबेरंगी मासे पाहावयास मिळतात. मालवणचा हा सागरी परिसर १९८७ साली अभयारण्य म्हणून घोषित झाला. जवळच तारकर्ली येथे महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची या विद्येचे शिक्षण देणारी संस्थाही आहे. ही हौस कौतुकाचीच. परंतु सकाळी बुडी, दुपारी गडाची चढण, संध्याकाळी घाटरस्त्याने परतीचा प्रवास आणि घरी पोहोचताच व्यायामशाळा, असा भरगच्च बेत आखण्यापूर्वी एक शास्त्रीय गोष्ट समजून घेणे आवश्यक आहे.

आपण श्वासावाटे घेतो त्या हवेत सुमारे ७८ टक्के नत्रवायू असतो. जमिनीवर तो आत येतो तसाच बाहेर जातो. पाण्याखाली मात्र दर १० मीटर खोलीस एका वातावरणाइतका दाब वाढतो. म्हणजे १० मीटरवर दाब दुप्पट होतो, २० मीटरवर तिप्पट. या वाढत्या दाबाने नत्रवायू रक्तात आणि शरीराच्या पेशींत अधिकाधिक विरघळत जातो. जितके खोल जावे आणि जितका वेळ थांबावे, तितका हा साठा मोठा. वर येताना दाब कमी होतो आणि साठलेला वायू हळूहळू फुप्फुसांवाटे बाहेर पडू लागतो. गोटी सोड्याच्या बाटलीचे उदाहरण येथे चपखल बसते. गोटी आत ढकलताच दाब एकदम उतरतो आणि इतका वेळ न दिसणारा वायू बुडबुड्यांच्या रूपाने उसळून येतो. पाणबुडा घाईने वर आला, तर त्याच्या रक्तातही तसेच होते. म्हणून मिनिटाला ९ मीटरपेक्षा अधिक वेगाने वर येऊ नये आणि पृष्ठभागाच्या खाली ५ मीटरवर ३ मिनिटे थांबावे, अशी शिकवण दिली जाते.

या बुडबुड्यांनी होणाऱ्या विकारास इंग्रजीत ‘बेंड्स’ असे नाव पडले. तो प्रथम दिसला तो पाणबुड्यांत नव्हे, मजुरांत. १८४१ साली फ्रान्समध्ये एक कोळशाची खाण खणताना पाणी हटविण्यासाठी दाबाखालील हवा वापरण्यात आली, आणि बाहेर आल्यावर काही कामगारांचे सांधे दुखू लागले. पुढे १८७२ साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन पुलाचा पाया घालताना मुख्य अभियंता वॉशिंग्टन रोबलिंग याच विकाराने अंथरुणास खिळला. फ्रेंच शास्त्रज्ञ पॉल बेर याने १८७८ साली नत्रवायूच्या बुडबुड्यांचे हे कारण सिद्ध केले, आणि १९०८ साली जे. एस. हॉल्डेन याने शेळ्यांवर प्रयोग करून टप्प्याटप्प्याने वर येण्याची कोष्टके तयार केली.

आता मुख्य प्रश्न. पाण्याबाहेर आल्यावर लगेच जोराचा व्यायाम केला तर काय होते? याचे उत्तर शास्त्रज्ञांनाही सहज सापडलेले नाही. स्वतः हॉल्डेनचे मत असे होते की, वर येताना हातपाय हलविल्याने रक्ताभिसरण वाढते व वायू लवकर निघून जातो. उलट दुसऱ्या महायुद्धाच्या काळात उंचावर उडणाऱ्या वैमानिकांच्या चाचण्यांत, विरळ हवेत व्यायाम केल्यास हा विकार अधिक जडतो, असे आढळले. क्रोएशियातील स्प्लिट येथील संशोधकांना आरंभीच्या प्रयोगांत बुडीनंतरच्या व्यायामाने बुडबुडे कमी झालेले दिसले. परंतु त्यांच्याच २०१३ सालच्या अभ्यासात, व्यायामामुळे बुडबुडे अशुद्ध रक्तातून शुद्ध रक्ताच्या बाजूस अधिक प्रमाणात शिरतात, असे निष्पन्न झाले.

ही शेवटची बाब गंभीर आहे. एरवी अशुद्ध रक्तातील बुडबुडे फुप्फुसांच्या जाळ्यात अडकतात आणि तेथेच विरून जातात. पण श्रमाने फुप्फुसातील एरवी मिटलेल्या काही वाटा उघडतात. शिवाय सुमारे चौघांपैकी एकाच्या हृदयात, उजव्या व डाव्या कप्प्यांमधील पडद्यात, जन्मापूर्वीचे एक छोटे छिद्र पूर्ण बुजलेले नसते. त्या माणसास त्याची गंधवार्ताही नसते. श्वास कोंडून जड वजन उचलताना, दोर ओढताना किंवा दंड काढताना छातीतील दाब बदलतो आणि त्या वाटेने बुडबुडे पलीकडे जाऊन मेंदू वा मज्जारज्जूपर्यंत पोहोचू शकतात. म्हणूनच बुडीनंतर २४ तास भारी व्यायाम टाळावा, असा सल्ला सामान्यतः देण्यात येतो. सावकाश चालण्यास मात्र हरकत नाही.

आणखी एक कारण व्यवहारातले आहे. समजा, एखाद्या तरुणाने खोल बुडी मारली आणि त्याच संध्याकाळी जोर मारले. रात्री खांदा दुखू लागला. हे दुखणे जोरांचे की बुडबुड्यांचे? तो बाम चोळून झोपी जाईल आणि उपचाराचे मोलाचे तास निघून जातील. सांधेदुखी, विलक्षण थकवा, मुंग्या येणे, अंगावर चट्टे उठणे, भोवळ, हातापायांत अशक्तपणा, लघवीस अडचण, यांपैकी काहीही बुडीनंतरच्या एक दिवसात दिसले तर ते श्रमाचे म्हणून सोडून देऊ नये. रुग्णास आडवे झोपवावे, शुद्ध प्राणवायू द्यावा आणि डॉक्टरांना बुडीची हकिकत आधी सांगावी. या विकारावर खरा उपाय म्हणजे दाबाच्या बंदिस्त कक्षात रुग्णास ठेवून प्राणवायू देणे. मुंबईस नौदलाच्या अश्विनी रुग्णालयाजवळील इन्स्टिट्यूट ऑफ नेव्हल मेडिसिन ही या विद्येतील जाणती संस्था आहे.

येथे वाचकांनी विनाकारण धास्तावू नये. किनाऱ्यावर प्रशिक्षकाचा हात धरून काही मीटर खोल, थोडा वेळ मारलेल्या बुडीत नत्रवायूचा साठा अगदी अल्प होतो. त्या बुडीत खरा धोका निराळाच असतो. तो म्हणजे घाबरून श्वास रोखून वर येण्याचा. दीड-दोन मीटरवरूनही तसे केल्यास फुगणारी हवा फुप्फुसास इजा करू शकते. म्हणून श्वास सतत चालू ठेवावा. मात्र ज्यांनी रीतसर शिक्षण घेतले आहे, जे अंदमान-लक्षद्वीपला जाऊन दिवसाकाठी दोन-तीन खोल बुड्या मारतात, त्यांनी विश्रांतीचा नियम कसोशीने पाळला पाहिजे.

आम्हां आतल्या प्रदेशातील लोकांना आणखी एक पथ्य लागू पडते, ते उंचीचे. वर चढू लागले की हवेचा दाब उतरतो आणि उरलेला वायू पुन्हा बुडबुडे धरू लागतो. विमानाच्या कक्षातील दाब सुमारे १८०० ते २४०० मीटर उंचीवरच्या हवेइतका असतो. म्हणून एका साध्या बुडीनंतर निदान १२ तास आणि अनेक बुड्यांनंतर निदान १८ तास विमानात बसू नये, असा दंडक आहे. गोव्याहून विमानाने नागपूर गाठणाऱ्यांनी तिकीट काढतानाच हा हिशेब करावा. सावंतवाडीहून वर येताना लागणारी आंबोलीही सुमारे ६९० मीटर उंच आहे, हे मोटारीने येणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे.

तेव्हा सहलीचा क्रम थोडा बदलावा, एवढेच आमचे सांगणे आहे. गडकिल्ले आधी पाहावेत, रात्रभर स्वस्थ झोप घ्यावी आणि मग बुडी मारावी. बुडीनंतर भरपूर पाणी प्यावे, मद्य वर्ज्य करावे, जड टाक्या उचलण्याचे काम दुसऱ्यावर सोपवावे. परतीपूर्वीचा एक दिवस मोकळा ठेवून तो मुलाबाळांसह किनाऱ्यावर निवांत घालवावा. दंडबैठका कोठे पळून जात नाहीत. गावी परतल्यावर तालीम आपली वाट पाहत असतेच.